माया

बेकरीच्या दारावर या आठवड्यात तीन कागद.
शुक्रवारी दूध सोसायटीच्या हॉलमध्ये नाटक, दोन अंकी,
दाराशी वाडगं असेल, जमेल ते टाका.
शनिवारी झुल्मीराच्या अंगणात माग चालवून दाखवणार,
लोकर ज्याची त्यानं आणायची.
रविवारी चार वाजता चर्चसमोरच्या मंडपात
आमचा बँड.
धुकं असलं तरी वाजेल.
ही शेवटची ओळ एर्मिनियु मास्तर दर वर्षी हातानं लिहितात,
छापलेल्यावर त्यांचा विश्वास नाही.

तिन्ही कागदांत माझं नाव नाही.
पण सोमवारपासून माझ्या घरात बावीस निळे कोट आहेत,
खुर्च्यांवर, दारांवर,
एक तर मशीनलाच मिठी मारून बसलाय.
वाजवणारे चौदा.

कोट उलटा केला की कॉलरच्या आत नावं.
शाईनं, एकाखाली एक.
वरचं खोडायचं नाही, ही बेटावरची रीत.
ट्यूबाचाच कोट घ्या:
एव्हारिश्तु, पिंपासारखा माणूस,
त्याच्या पोटासाठी माझ्या आईनं बगलेखाली कळी जोडलेली.
मग त्याचा जावई आदेलिनु.
तो टोरांटोला गेला, कोट परत करायचा विसरला,
चार वर्षांनी पोस्टानं आला,
खिशात तिथल्या रस्त्यावरच्या बर्फात टाकतात ते मीठ.
मग दोघं भाऊ, आलटून पालटून.
आणि आता नीदिया, वय वर्षं अकरा.
ट्यूबा मांडीवर घेतला
की तिचे नुसते गुडघे उरतात.

"कापूनच टाक," तिची आई म्हणाली, "सुटसुटीत होईल."
मी कात्रीला हात लावला नाही.
कापड आत घेता येतं.
शिवणीच्या पोटात जे राखून ठेवतात,
आज नको पण पुढे लागेल म्हणून,
त्याला शिवणारे माया म्हणतात.
दोन्ही कुशींना चार-चार बोटं ठेवली,
बाह्यांना वीतभर.
अंगापेक्षा माया जास्त झाली,
होऊ दे.

टाचण्या लावताना पोरगी सारखी हलत होती.
"नीट उभी राहा गं."
"मी विराम मोजतेय," म्हणाली,
"ट्यूबाला वाजवण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं."
मग कॉलर वाचून झाल्यावर,
"माझं पेन्सिलनं लिहू?"

इथल्या मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी धुण्यात न जाणारी काळी शाई दिली.
जीभ बाहेर काढून लिहिलं तिनं,
शेवटचं अक्षर शिवणीवर चढलं.

रविवारी धुकं होतंच.
बोट सुटली नाही, दोन क्लॅरिनेट पलीकडच्या धक्क्यावर अडकली.
समोर पिकोचा डोंगर,
म्हणजे डोंगराची जागा.
तिसऱ्या मार्चमध्ये मधेच भोक पडलं,
क्लॅरिनेटच्या आठ मात्रा.
मास्तरांचा हात मात्र चालतच राहिला,
रिकाम्या विहिरीतून रहाट ओढावा तसा.
कुणी खोकलं नाही.
वरच्या कुरणात एका गाईची घंटा, तीही भलत्याच तालात.
मी मांडीवर बोटं मोडत होते, पाच, सहा,
शेजारी कार्मिंदाचे ओठ हलत होते,
बेकरीवाल्याचा बूट.
सात.
आठ.
आणि नीदियानं फुंकर घातली,
जाड, किंचित बेसूर,
अगदी वेळेवर.

टाळ्या कशा वाजल्या ते आठवत नाही.
उजव्या बाहीची टीप उसवलेली मात्र लांबूनही दिसली मला.

काल कोट परत आले.
काखेत घाम, खिशांत गोड पावाचा चुरा.
न घातलेले आठही मी दोरीवर टाकले,
कसर आधी त्यांनाच लागते.

नाटक चांगलं झालं म्हणे.
मी त्या रात्री काजं करत होते.